अभ्यासपाठ : ताण म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे



एखाद्याची झोप उडाली, छाती धडधडू लागली, अन्नावरची वासना गेली, की घरातील माणसे म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस." कोणी म्हणतो, "बाहेरची बाधा आहे," आणि गंडादोरा बांधायला नेतो. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ताणासंबंधीचे चार गैरसमज आज आपण तपासून पाहू.

पहिला गैरसमज : ताण हा केवळ मनाचा खेळ आहे.

वाटेत साप दिसला असे समजा. मेंदू इशारा देतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन लहान अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन हा स्राव रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालते, रक्तदाब वाढतो, यकृत साखर मोकळी करते, रक्त स्नायूंकडे धावते आणि पचन मंदावते. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हा दुसरा स्राव वाढतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात या तयारीचे विवेचन केले. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी दाखविले की थंडी, जखम, अतिश्रम अशा निरनिराळ्या आघातांनी उंदरांच्या शरीरात एकाच तऱ्हेचे बदल होतात. उंदरांनी मनाला लावून घेतले, असे कोणी म्हणेल काय?

दुसरा गैरसमज : प्रत्येक ताण घातकच असतो.

तसे नाही. परीक्षेपूर्वीची धडधड किंवा सभेत बोलण्यापूर्वीचा कंप म्हणजे शरीराने केलेली तयारी होय. प्रसंग टळला की शरीर पूर्वस्थितीवर येते. घात होतो तो प्रसंग टळतच नाही तेव्हा. सावकाराचा तगादा, कामावरचा रोजचा पाणउतारा, उद्याच्या भाकरीची चिंता हा साप वाटेतून हलतच नाही. मग रक्तदाब चढा राहतो, झोप बिघडते, रोगप्रतिकाराची शक्ती घटते.

तिसरा गैरसमज : ताण मोठ्या साहेबांना असतो, कष्टकऱ्याला सवय होते.

लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोप्ये व द्वारपाल यांच्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही बराच फरक शिल्लक राहिला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियांचाही समावेश होता. ज्यांना आपल्या कामाबाबत काही ठरविण्याची मुभा नव्हती, त्यांच्यात हृदयविकार अधिक दिसला. म्हणजे जबाबदारीपेक्षाही हुकमाखालचे, हात बांधलेले जिणे शरीराला अधिक झिजविते. सवय झाली असे तोंड म्हणते, रक्तवाहिन्या म्हणत नाहीत.

चौथा गैरसमज : विडी, तंबाखू, दारू यांनी ताण उतरतो.

विडी ओढल्यावर वाटणारा आराम बहुतांशी निकोटिनची तलफ भागल्याचा असतो. तलफ निर्माण करणारीही तीच विडी! दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. सकाळी ताण तसाच असतो आणि मजुरी मात्र खर्च झालेली असते.

मग करावे काय? रोज चालावे, झोपेची वेळ पाळावी, सावकाश दीर्घ श्वास घ्यावा. मनातले विश्वासाच्या माणसाजवळ बोलावे. छातीत दुखत असेल तर ताण समजून घरी बसू नये, तात्काळ दवाखाना गाठावा. उदासी हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर शासनाच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे बोलण्यात कमीपणा नाही.

मात्र एवढ्यावर थांबू नका. श्वासाने धडधड शमेल, तगादा शमणार नाही. ताणाचे कारण कामाच्या जागी असेल तर ते एकजुटीने तेथेच दूर केले पाहिजे. पीडिताला दुबळा ठरविणे म्हणजे कारणाला मोकळे सोडणे होय.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न :
१) आपल्या वस्तीत न टळणारे ताण कोणते?
२) त्यांपैकी कोणते एकट्याने आणि कोणते सर्वांनी मिळून दूर करता येतील?