कारखानदाराचें माप आणि आपलें माप

गेल्या वर्षीं कऱ्हाडकडील एका सद्गृहस्थांनीं उसाच्या बिलांतून पैसे राखून मुलीसाठीं सांगलीहून संगणक आणला. जाहिरातींत प्रोसेसरचा वेग पूर्वीच्या दुप्पट म्हणून छापला होता. पण मुलीच्या कामांत फरक पडेना. त्यांच्यासमवेत आम्हीं ती जाहिरात पुन्हां वाचली. तळाशीं बारीक अक्षरांत ‘आमच्या प्रयोगशाळेंतील चांचणीनुसार’ एवढेंच होतें. चांचणी कोणत्या कामाची, हें नव्हतें. मुलीचें काम अडत होतें तें अपुऱ्या मेमरीमुळें. जाहिरात खोटी नव्हती. मात्र ती त्यांच्या प्रश्नाचें उत्तर नव्हती.

संगणकाचा वेग दोन प्रकारें सांगतात. एक कागदावरील गुणाकारानें. दुसरा प्रत्यक्ष काम देऊन व घड्याळ लावून. पुण्यांतील टाटांचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्यें जगाच्या यादींत चवथा आला. कागदावर त्याचा वेग सेकंदास सुमारें १७१ लक्ष कोटी आकडेमोडींचा होता. सर्व स्पर्धकांस दिलें जाणारें समीकरणांचें गणित सोडवितांना तो सुमारें ११८ लक्ष कोटी भरला, आणि क्रमांक मिळाला तो ह्या दुसऱ्या आंकड्यावर. असें कां होतें? गुऱ्हाळांत चरक कितीही वेगानें फिरो, ऊस वेळेवर न आला तर रस वाढत नाहीं. प्रोसेसरासही आंकडे येईपर्यंत थांबावें लागतें.

परंतु ठरलेली कसोटीही डोळे मिटून मानूं नये. ‘स्पेक’ ही संस्था अशा कसोट्या तयार करिते. तिनें २०२४ सालीं इंटेलच्या प्रोसेसरांच्या २,६०० हून अधिक निकालांवर प्रतिकूल शेरा मारला. वापरलेल्या कंपायलरमध्यें कसोटींतील एका प्रश्नापुरतीच खास सोय आढळली होती. नेमका प्रश्न आधीं ठाऊक असून पाठ केलेल्या उत्तराचे गुण विद्येचें माप होत नाहींत, हें आपणांस सांगावयास नको.

यास्तव पालकांनीं खरेदीपूर्वीं तीन प्रश्न विचारावे: माप कोणत्या कामाचें? तुलना कोणत्या यंत्राशीं? मापलें कोणी? शक्य तर आपलेंच काम दुकानांत करून पाहावें. विक्रेत्यास लबाड समजा, असें आम्ही म्हणत नाहीं. सांगलीच्या पेठेंतील व्यापारी हळकुंड मोडून रंग पाहतो. त्यांत शेतकऱ्याचा अपमान नसतो. कष्टाचा पैसा खर्चितांना तेवढी चौकसी आपणही करावी.