जुन्या पिकअपचे ब्रेक : बिघाड ओळखावा कसा?

उसाचे बेणे असो, खताच्या गोण्या असोत की लग्नाचे वऱ्हाड, आपली जुनी पिकअप सगळ्याला धावते. इंजिनाने जरा कुरकूर केली की आपण मिस्त्रीकडे जातो. ब्रेकचे मात्र "चालतंय ना, पाहू पुढं!"

ही चूक मी स्वतः केली आहे. कोरचीहून कुरखेड्याकडे धानाची पोती आणताना बेडगाव घाटाच्या उतारावर पायडल एकदम तळाला टेकले. तीन-चार वेळा दणादण पंप मारले तेव्हा थोडा ब्रेक धरला. मग गिअर उतरवीत, हँडब्रेक ओढीत गाडी कडेच्या मुरमात घातली. पाहतो तर मागच्या डाव्या चाकातून तेल टपकत होते. ड्रायव्हर महिनाभर बाटलीने ब्रेक ऑईल ओतत होता, आणि मी पैसे देत होतो!

ब्रेक ऑईल ही डिझेलसारखी खर्ची पडणारी वस्तू नव्हे. लायनर झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते, ते ठीक. पण पुन्हा पुन्हा ओतावे लागले तर कुठेतरी गळती आहेच. चारही चाकांची आतली बाजू, नळ्यांचे सांधे आणि मास्टर सिलेंडरचे बूड बोट फिरवून पाहावे.

बाकी बरेचसे पायडलच सांगते. गाडी उभी ठेवून पायडल जोरात दाबून धरा. बाहेर गळती नसताना ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलेंडरचे रबर आतून गेले. स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा शिरली. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर येत असेल तर बहुधा शू आणि ड्रममधले अंतर वाढले, अॅडजस्टमेंट करावी. पायडल दगडासारखे कडक आणि गाडी मात्र थांबत नाही, तर बूस्टर पाहावा. इंजिन बंद करून चार-पाच वेळा पायडल मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पायडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. नाही गेले तर आधी त्याची हवेची नळी आणि व्हॅक्यूम पंप तपासा. डिझेल गाडीत पंप बहुधा अल्टरनेटरला जोडलेला असतो. बूस्टरच बदला म्हणणाऱ्याचे लगेच ऐकू नये.

ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाते? ज्या बाजूला ओढते तिकडचे चाक धरते. दोष बहुधा समोरच्या बाजूला असतो. तिथे लायनरला तेल वा ग्रीस लागलेले असते, नाहीतर सिलेंडर जाम असतो. दहा-बारा किलोमीटर चालून एकच ड्रम फार तापला तर ते चाक अडकते आहे. हात मात्र टेकवू नका, जवळ नेला तरी कळते.

पावसाळ्यात भामरागड, एटापल्लीकडच्या नाल्यांतून टोंगळ्याएवढ्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममधले लायनर भिजतात आणि ब्रेक धरत नाही. हा बिघाड नव्हे. पायडलवर हलका पाय ठेवून थोडे अंतर हळू चालवावे, लायनर वाळतात.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषते. डॉट-३ जातीचे कोरडे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेले १४० च्या आसपासच उकळू शकते. मग घाटात वाफ होऊन पायडल पोकळ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. इंजिन ऑईल चुकूनही घालू नये, सगळी रबरे फुगतात.

हवा काढताना बहुतेक गाड्यांत मास्टरपासून सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी घ्यावे. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम कॉम्प्रेसरने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावा. काम झाल्यावर रिकामी गाडी पांदणीत हळू चालवून दोन-चार वेळा थांबवून पाहावी, मगच माल भरावा.