आसवारिष्टांतील सुगंधाचे रक्षण : प्रक्षेपकाळ आणि हॉप्सचा धडा

संधानकल्पनेचा विचार करताना आपण मद्यार्काचे प्रमाण, आम्लता, स्वच्छता व टिकाऊपणा यांकडे पुरेसे लक्ष देतो. कल्पाच्या गंधाकडे मात्र तितके देत नाही. वस्तुतः दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, लवंग, पिंपळी यांचे दीपन, पाचन व रुच्य कर्म बऱ्याच अंशी त्यांच्या उडनशील तैलांवर अवलंबून असते. गंध गेला म्हणजे केवळ शोभा गेली असे नव्हे. कल्पाच्या कर्मातील एक अंशही गेला.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते आमच्याच चुकीने. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात द्राक्षारिष्टाचे पात्र भरताना घाई झाली. काढा गाळला, गूळ विरघळवला आणि भांड्याला हात लावणेही कठीण असताना प्रक्षेपचूर्ण त्यात टाकले. चूर्णही तीन महिन्यांपूर्वीचे होते. अरिष्ट सिद्ध झाले, टिकले, दिसावयासही उत्तम होते. परंतु नेहमी ते नेणाऱ्या एका वृद्ध रुग्णा म्हणाल्या, ‘‘वैद्यबुवा, या वेळची बाटली नुसतीच गोड लागते.’’ आम्ही प्रथम दालचिनी देणाऱ्या व्यापाऱ्यास दोष दिला. दोष आमचा होता.

हॉप्सचा धडा

याच प्रश्नाचा अत्यंत बारकाईने विचार पाश्चात्त्य देशांतील यवमद्यकारांनी केला आहे. त्यांच्या ‘पेल एल’ या फिकट वर्णाच्या मद्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या स्त्रीपुष्पांचे शंकू घालतात. या शंकूंतील पिवळ्या ग्रंथींत दोन वेगळे घटक असतात. पहिला अल्फा आम्लांचा. ही आम्ले उकळल्यावरच रूपांतर पावून कडू होतात. त्यासाठी साधारण ६० मिनिटे उकळी द्यावी लागते. दुसरा घटक सुगंधी तैलांचा. तो त्याच उकळीत वाफेबरोबर निघून जातो. एकाच द्रव्याचा रस हवा असेल तर अग्नी द्यावा, गंध हवा असेल तर अग्नी टाळावा, असा हा पेच आहे.

अमेरिकेत १९७८ साली झालेल्या कायद्याने घरगुती यवमद्यनिर्मितीस मोकळीक मिळाली, तर १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा या मद्यशाळेने १९७२ च्या ‘कॅस्केड’ जातीचे हॉप्स वापरून गंधप्रधान पेल एल बनवली. पुढे घरोघरच्या मद्यकारांत जी रीत रूढ झाली ती अशी : कडवटपणापुरते थोडे हॉप्स आरंभी उकळावेत, काही उकळीच्या अखेरच्या पाच-दहा मिनिटांत टाकावेत, काही आच बंद करून द्रव ८० अंश सेल्सियसच्या खाली आल्यावर टाकून वीसेक मिनिटे ठेवावेत, आणि उरलेले मुख्य किण्वन ओसरल्यावर थंड द्रवातच तीन-चार दिवस भिजवावेत. या शेवटच्या कृतीस ते ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. २० लिटरला ५० ते १०० ग्रॅम हॉप्स त्यासाठी पुरतात.

किण्वन ओसरेपर्यंत थांबण्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. किण्वन जोरात असताना निघणारा कर्बवायू बुडबुड्यांबरोबर गंधही बाहेर नेतो. म्हणजे अग्नी हा गंधाचा पहिला शत्रू, तर फसफसणे हा दुसरा. तिसरा शत्रू हवेतील प्राणवायू. म्हणून हॉप्स हवाबंद व शीत ठेवतात आणि तयार मद्य बाटलीत भरताना हवेचा संपर्क शक्य तितका टाळतात.

शास्त्रोक्त क्रमाचे मर्म

शार्ङ्गधराने अनुक्तमान अरिष्टांसाठी एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध व गुळाच्या दशमांश प्रक्षेप सांगितला आहे. द्रवद्वैगुण्य धरून सुमारे २४.५ लिटर द्रवास ४८० ग्रॅम, म्हणजे लिटरला जवळजवळ २० ग्रॅम प्रक्षेप होतो. त्यातील सर्व द्रव्ये सुगंधी नसतात हे मान्य. तरीही हॉप्सच्या लिटरला पाच ग्रॅमशी तुलना करता आपल्याकडे द्रव्याची उणीव नाही. उणीव होते ती काळ सांभाळण्यात.

क्वाथ करावा, गाळावा, शीत होऊ द्यावा, मगच मधुर द्रव्ये व प्रक्षेप घालून पात्राची संधी बंद करावी, या क्रमात हेच मर्म आहे. कठीण मुळे व साली यांचा सार उकळून घ्यावयाचा. कोमल व सुगंधी द्रव्यांस अग्नी लावावयाचा नाही. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइडचा उत्कलनांक २४८ अंशांच्या आसपास असल्याने ते १०० अंशांना उडणार नाही, असे काही सहकारी म्हणतात. परंतु पाण्याची वाफ अशा तैलांस कितीतरी खालच्या तापमानास आपल्याबरोबर नेते. अर्कयंत्रात आपण याच गुणाचा उपयोग करतो. उघड्या कढईतील काढ्यात प्रक्षेप टाकणे म्हणजे अर्क काढून तो हवेत सोडणे होय.

प्रत्यक्ष कर्मात घ्यावयाची काळजी

१. सुगंधी द्रव्ये अखंड साठवावीत व संधानाच्या दिवशीच कुटावीत. भरड पुरेशी असते. वस्त्रगाळ चूर्णातून गंध साठवणीतच लवकर उडतो आणि पुढे गाळणेही कठीण जाते.

२. काढा ३५ अंशांच्या खाली आल्याखेरीज प्रक्षेप घालू नये. धायटीच्या फुलांबरोबर येणारे किण्वही ४५ अंशांच्या वर तग धरीत नाहीत. त्यामुळे ही काळजी दुहेरी लाभाची आहे.

३. लवंग व दालचिनी यांची तैले किण्वास मारक आहेत. योगातील प्रमाणापेक्षा ती वाढविल्यास गंध वाढण्याऐवजी संधानच मंदावते.

४. पात्र वारंवार उघडू नये. आरंभी कान लावून फसफस ऐकणे पुरेसे आहे. पेटती काडी व चुन्याची निवळी यांनी परीक्षा आवाज मंदावल्यानंतरच करावी. काडी विझत नाही, निवळी दुधाळ होत नाही आणि प्रक्षेप तळाशी बसला, की विलंब न लावता गाळावे.

५. गाळताना द्रव उंचावरून ओतू नये. बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात, घट्ट बंद कराव्यात व थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. औषधविक्रेत्यांनी काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात बाटल्या मांडू नयेत.

एक सावधगिरी

हॉप्सप्रमाणे किण्वन संपल्यावर सुगंधी द्रव्ये पुन्हा घालावीत काय, असा प्रश्न येईल. दशमूलारिष्टात द्रव निर्मळ करण्यासाठी अखेरीस निवळीचे बी घालण्यास सांगितले आहे. अखेरचा प्रक्षेप ग्रंथांस अपरिचित नाही. तथापि ज्या योगात तो सांगितलेला नाही तेथे आपल्या मताने क्रम बदलू नये. शिवाय ड्राय हॉपिंगनंतर हॉप्समधील पाचक अंशामुळे मद्य पुन्हा फसफसून बाटल्या फुटल्याचे मद्यकारांस ठाऊक आहे. आपल्या अरिष्टांत तर शर्करा विपुल उरलेली असते.

पुढच्या पात्रास आम्ही काढा रात्रभर झाकून निवू दिला आणि सकाळी ताजी भरड घातली. बाकी योगात काहीही बदलले नाही. त्या रुग्णांनी बाटलीचे बूच काढले, नाकाशी धरले आणि काही न बोलता पिशवीत ठेवली. एका रात्रीच्या धीराने जे साधते, ते द्रव्य दुप्पट करूनही साधत नाही, एवढेच आम्हांस वैद्यबंधूंच्या नजरेस आणावयाचे आहे.