स्कर्टिंग : चार इंचांची पट्टी

प्लॅनमध्ये स्कर्टिंगच्या वाट्याला एक रेघही येत नाही. पण साइट ट्रेनिंगला गेल्यावर माझा पहिला पचका तिथेच झाला. बेडरूममध्ये लॅमिनेट फ्लोअरिंग बसवलेलं आणि भिंतीच्या कडेने सगळीकडे दहा मिलिमीटरची फट. मला वाटलं, कारागिराचं माप चुकलं. मी ती व्हाइट सिमेंटने बुजवायला लावली! पावसाळ्यात दमट हवेने फळ्या फुगल्या, सरकायला जागा नाही, मग मधोमध उचलल्या गेल्या. ती फट मुद्दाम सोडलेली असते. ती झाकणं हे स्कर्टिंगचं काम. म्हणून पट्टी भिंतीलाच ठोकायची, फळ्यांना कधीच नाही.

विट्रिफाइड टाइल्समध्ये जमीन हलत नाही, तेव्हा लक्ष प्लास्टरकडे. खालचे चार इंच प्लास्टर आधीच सोडलं तर पट्टी भिंतीच्या पातळीत बसते, नाहीतर बाहेर आलेल्या कडेवर धूळ साचते. जमिनीचे आणि पट्टीचे सांधे जुळले की काम नेटकं दिसतं.

खरी गंमत जुन्या शहाबादी फरशीची. फरशी उंचसखल, लाकडी पट्टी सरळ. पट्टी लेव्हलमध्ये धरायची, खालची सगळ्यात मोठी फट कंपासमध्ये घ्यायची. मग कंपास उभा धरून टोक फरशीवरून आणि पेन्सिल पट्टीवरून ओढत न्यायची. उमटलेल्या रेषेवर कापलं की पट्टी फरशीच्या चढउतारासकट चपखल बसते. मिस्त्रींनी हे बोलता बोलता करून दाखवलं. तोच कंपास घेऊन मी दोन सेमिस्टर ड्रॉइंग हॉलमध्ये बसलो होतो!