ग्राहकाचे नंबर आणि डेटा कायदा : डोकेदुखी की फायदा?

बिल करताना आपण ग्राहकाचा मोबाईल नंबर घेतो आणि दिवाळीला ऑफरचा मेसेज टाकतो. यासाठी आता कायदा आहे : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. फक्त वहीत लिहिलेला नंबर यात येत नाही, मोबाईलमध्ये सेव्ह केला की येतो.

विरोधात मुद्दा : छोट्या दुकानदाराने वकील कुठून आणायचा? डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत!

बाजूने मुद्दा : आपणही ग्राहकच आहोत. दिवसभर कर्जाचे फोन येतात, तेव्हा आपला नंबर कोणी दिला असं वाटतंच ना? शिवाय दंड ठरवताना चूक किती गंभीर आणि दंडाचा त्या माणसावर काय परिणाम होईल, हेही बघायचं आहे.

माझं मत : नियम हवाच, पण छोट्यांसाठी सोपा हवा. काही व्यवसायांना ठरावीक कलमांतून सूट द्यायचा अधिकार सरकारकडे आहे. व्यापारी संघटनेतून ती मागा.

तोपर्यंत काय करायचं?

१. नंबर कशासाठी घेताय ते सांगा. बिलाची परवानगी म्हणजे ऑफरची परवानगी नाही.
२. ‘मेसेज नको’ म्हटलं की नाव लगेच काढा.
३. यादी दुसऱ्या कोणाला देऊ नका.

होमवर्क : आज दुकान बंद केल्यावर यादी उघडा. यातल्या किती जणांना आपण विचारलं होतं, ते मोजा.