भुशाचा दोष उशिरा कळतो

सुतारकामातल्या धुळीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: 'आमचे आजे-पणजे याच भुशात वाढले, त्यांना कुठे काय झालं?' हे उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही, कारण या धुळीने तिथल्या तिथे फारसं काही होत नाही हे खरंच आहे. शिंका येतात, घसा खवखवतो, कपभर चहा घेतला की बरं वाटतं. खरं दुखणं मागाहून येतं, आणि इतक्या मागाहून, की तोवर दोष द्यायला हवापाणी, वय, विडी असं दुसरंच काहीतरी हाताशी आलेलं असतं. म्हणून 'मला अजून काही झालं नाही' हा या बाबतीत पुरावाच धरता येत नाही, असं माझं म्हणणं आहे.

दम्याचंच घ्या. वेस्टर्न रेड सिडार या लाकडात प्लिकॅटिक आम्ल असतं. त्याने होणाऱ्या दम्याचा कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. मोइरा चॅन-युंग यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. धूळ दिवसा छातीत जाते आणि पुष्कळांना धाप मात्र काही तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री लागते. रात्री दोन वाजता खोकल्याची उबळ आलेला मिस्त्री सकाळच्या सँडरला कशाला दोष देईल? तो रात्री खाल्लेल्या दह्याला देतो. बरं, काम सोडलं की दमा सुटतोच असंही नाही. अनेकांचा पुढेही राहिला. ब्रिटनमधल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या सांगण्यानुसार तिथल्या सुतारांना दमा होण्याची शक्यता इतर कामगारांच्या चौपट आहे. 'लाकूड नैसर्गिक, त्यात कसलं विष' असं म्हणणाऱ्यांनी सागाकडे पाहावं. वाळवीला दूर ठेवणारी रसायनं त्याच्या अंगातच असतात, आणि त्याच सागाच्या धुळीने कित्येकांच्या हातांना खाज सुटते, पुरळ उठतं.

कर्करोगाच्या बाबतीत हा उशीर तासांचा नसून दशकांचा आहे. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. नाकातल्या पोकळ्यांचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये वारंवार दिसतो, हे नाक-कान-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1968मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्रमाण सर्वसामान्यांच्या शेकडो पट निघालं, आणि धुळीशी पहिला संबंध व आजार यांत बहुधा काही दशकं गेलेली होती. तंबाखूने याचा उलगडा होईना. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने तो लाकूड कामगारांचा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला आणि 1995मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातली. विकमच्या खुर्च्यांना बीचचं लाकूड लागे. 'स्टीम बीच' म्हणून आज मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये चौकटी-पट्ट्यांना येतं ते हेच लाकूड.

आता आजोबांकडे वळू. त्यांच्या हातात रंधा होता आणि रंध्यातून निघते ती ढलपी, ती पायाशी पडते. सँडर आणि राउटर त्याच लाकडाचं पीठ करतात. त्यातले मोठे कण नाकात अडकतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. आजोबा अंगणात, पडवीत काम करत. आज शेजारी तक्रार करतील म्हणून खिडक्या बंद करून एमडीएफ कापलं जातं, आणि त्या बोर्डातल्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं, तेही कर्करोगकारकच. शिवाय ज्यांना धूळ सोसली नाही ते हा धंदा सोडून गेले. आजोबा दिसतात, कारण ते टिकले.

मास्कने गुदमरायला होतं, ही तक्रार रास्त आहे. मे महिन्यात दिवसभर एन-95 लावून सँडर मारून पाहावा, मग बोलावं. म्हणूनच मास्क शेवटी. आधी धूळ उडते तिथेच ओढून घ्यायची: सँडरला आणि कटरला बारीक धुळीचा फिल्टर असलेला व्हॅक्यूम जोडायचा. सँडरसोबत येणारी कापडी पिशवी भुसा धरते, पण बारीक धूळ तिच्यातून बाहेर येते. ब्लोअरने कपडे झटकणं आणि कोरडा झाडू मारणं बंदच करावं. खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा हवेत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कणांपुढे कुचकामी आहे, आणि दाढीवर एन-95 नीट बसत नाही. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटर हवेत 2 मिलिग्रॅम आहे. आपल्या साईटवर ते मोजायला कोणी येणार नाही, तेव्हा जितकी कमी तितकी बरी हाच हिशेब धरावा.

'याचा खर्च कोण देणार?' हा प्रश्न उरतो, आणि तो मिस्त्रीला विचारणं मला अन्यायाचं वाटतं. कपाटाच्या हँडलपायी हजारो रुपये मोजणाऱ्या घरमालकाने आणि ठेकेदाराने व्हॅक्यूमचं भाडं एस्टिमेटमध्ये धरावं. मिस्त्रींना एवढंच सांगणं: सुट्टीला गावी गेलं की खोकला थांबत असेल, किंवा नाकाची एकच बाजू सतत चोंदत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि दुखणं सांगायच्या आधी काम काय करता ते सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.