परदेशी बालवाडीतील पहिला दिवस

नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मुलाचा फोन येतो, "पुढच्या महिन्यापासून बाळाला बालवाडीत घालतोय." इकडे आजी-आजोबांच्या काळजात धस्स होते. दोन वर्षांचे पोर, ना भाषा ठाऊक, ना माणसे ओळखीची! ही काळजी स्वाभाविक आहे. परंतु घाई न केल्यास बहुतेक मुले चांगली रुळतात. जर्मनीचे उदाहरण घेऊ.

लहान मुलांची शाळा म्हणजे 'मुलांची बाग', हे 'किंडरगार्टन' नाव जर्मनीतच फ्रोबेल यांनी १८४० मध्ये दिले. आज तेथे बालसंगोपन केंद्राला 'किटा' म्हणतात. २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला तेथे अशा संगोपनाचा कायदेशीर हक्क आहे. तरीही मोठ्या शहरांत जागा सहज मिळत नाही, म्हणून नाव लवकर नोंदवावे.

निवड करताना काय पाहावे?

इमारत व खेळणी यांपेक्षा माणसे पाहावीत. एका ताईकडे किती मुले आहेत? ताई वारंवार बदलतात का? रडणाऱ्या मुलाला जवळ घेतात की दटावतात? मूल शाकाहारी असेल किंवा त्याला एखादा पदार्थ सोसत नसेल, तर तसे आधीच लिहून द्यावे. मुलांना थंडी-पावसातही बाहेर खेळवतात. त्याने घाबरू नये. सर्दी विषाणूंमुळे होते. उबदार कपडे व पावसाळी बूट असले म्हणजे झाले. मात्र पहिल्या वर्षी इतर मुलांच्या सहवासामुळे सर्दी-खोकला वारंवार होतो, हे गृहीत धरावे.

लसीकरणाचे कार्ड हाताशी असावे. मार्च २०२० पासून जर्मनीत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो: एक वर्ष पूर्ण झालेल्यांना किमान एक मात्रा, दोन वर्षे पूर्ण झालेल्यांना दोन. भारतातील कार्ड तेथील बालरोगतज्ज्ञांना आधीच दाखवावे.

पहिला दिवस आईसह

तेथील अनेक केंद्रांत 'बर्लिन पद्धत' वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत सुमारे तासभर थांबतात आणि सोबतच घरी परततात. या दिवसांत मुलाला एकटे सोडत नाहीत. पालकांनी कोपऱ्यात शांत बसावे. मुलाला पुढे ढकलू नये. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात, फार तर अर्धा तास. हा चौथा दिवस सोमवारी आल्यास मंगळवारपर्यंत थांबतात, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा बुजलेले असते.

मूल रडले म्हणजे बिघडले असे नाही. ताईंनी जवळ घेतल्यावर ते शांत होते का, हे महत्त्वाचे. होत असेल, तर वेळ हळूहळू वाढवतात. नसेल, तर आणखी काही दिवस थांबतात. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून आईवडिलांपैकी एकाने तेवढी रजा राखून ठेवावी.

आपल्याकडे मूल खेळात गुंतले की आई मागच्या दाराने निसटते. हे कटाक्षाने टाळावे. आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, अशी धास्ती घेतलेले मूल मग घरीही पदर सोडत नाही. "जेवण झालं की मी येते," असे सांगून जावे आणि त्या वेळी हजर व्हावेच.

मूल गप्प राहते

नव्या भाषेत काही मुले कित्येक आठवडे, कधी काही महिनेही बोलत नाहीत. ती ऐकून साठवत असतात. म्हणून घरी मराठी बंद करू नये. दोन भाषांमुळे बोलणे खुंटत नाही. मात्र दोन वर्षांचे मूल मराठीतही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर शाळेला दोष न देता कान तपासून घ्यावेत. तसेच कित्येक आठवडे झाले तरी रडणे, न जेवणे, झोपेत दचकणे कमी होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आजी-आजोबांनाही एक विनंती. फोनवर "फार रडलास का रे?" असे विचारू नका. "आज काय खेळलास?" असे विचारा. त्याच्या ताईचे नावही विचारून घ्या. ते नाव तुमच्या तोंडून ऐकले की ती बाई परकी नाही, हे नातवाला कळते.